घरोघरी : भिंतीआडचे भाडेकरू



‘घरोघरी’ या सदराचा विषय दरवर्षी वाचकच ठरवतात. यंदा तो शोधावाच लागला नाही. संक्रांतीच्या तिळगुळापासून गणपतीच्या महाप्रसादापर्यंत प्रत्येक कार्यक्रमात कुणी ना कुणी बाजूला घेऊन एकच प्रश्न विचारला. शब्द वेगळे, अर्थ एक : “घरात मुंग्या येतात. फवारा मारला की जातात, पंधरा दिवसांनी परत हजर. करायचं काय?”

उत्तर थोडक्यात असं : दिसणारी मुंगी मारत बसू नका, न दिसणारी वस्ती शोधा. आणि मुंग्या मोठ्या, काळ्या असतील, तर वस्ती सापडल्यावरही थांबू नका. तिथलं लाकूड कशामुळे ओलं होतंय ते शोधा. बाकीचा लेख म्हणजे हे कसं करायचं त्याची उजळणी.

तिकडची मुंगी, इकडची मुंगी

मुंग्या आपल्याला नवीन नाहीत. साखरेचा डबा पाण्याच्या परातीत ठेवणं, कपाटाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या, ओट्याच्या कडेला हळदीची रेघ, हे सगळं आपण लहानपणापासून पाहिलंय. पण ते घर विटा-सिमेंटचं होतं. मुंगी फटीतून यायची, दाणा उचलायची, जायची. वैताग व्हायचा, पण घराला धोका नसायचा. धोका असायचा तो वाळवीचा, दाराच्या चौकटीला.

इथलं घर म्हणजे लाकडाचा सांगाडा. दर १६ इंचांवर एक उभी फळी, बाहेरून प्लायवूड आणि साइडिंग, आतून ड्रायवॉल आणि मध्ये इन्सुलेशन. भिंत म्हणजे खरं तर एक लांबच लांब पोकळी. उबदार, अंधारी, वाऱ्यापावसापासून सुरक्षित. त्यात कुठे पाणी झिरपून लाकूड मऊ झालेलं असेल, तर भाडं न देता राहायला याहून चांगली जागा कोणती? म्हणून तिकडची “साखर झाकून ठेव” ही शिकवण इथे अर्धीच उपयोगी पडते. साखर झाकली म्हणून भिंतीत राहणारी मुंगी घर सोडत नाही.

आधी ओळख पटवा

सगळ्या मुंग्यांवर एकच औषध चालत नाही. आपल्या न्यू जर्सी-पेन्सिल्व्हेनियाच्या पट्ट्यात घरात सहसा चार प्रकारच्या मुंग्या भेटतात.

पहिली *फुटपाथची मुंगी*, म्हणजे पेव्हमेंट अँट. काळपट तपकिरी, जेमतेम ३ मिलिमीटर. ड्राइव्हवेच्या भेगांतून वाळूचे छोटे ढीग वर काढते. घराखालच्या स्लॅबच्या चिरेतून आत येते. त्रासदायक, पण घराला निरुपद्रवी.

दुसरी *वासाची मुंगी*, ओडरस हाउस अँट. आकार तसाच लहान, पण बोटाने चिरडली की ओळख पटते. खवट खोबऱ्यासारखा वास येतो, असं इथली जुनी माणसं सांगतात. २०१५ साली नॉर्थ कॅरोलिनातल्या संशोधकांनी तो वास तपासला, तेव्हा तो ब्लू चीजच्या जवळचा निघाला. नारळ नासवणारी बुरशी आणि ब्लू चीजमधली बुरशी एकाच कुळातल्या, त्यामुळे दोन्ही नाकं बरोबर! या मुंगीच्या वस्तीत राण्या अनेक असतात आणि वस्ती सतत जागा बदलते. आज सिंकखाली, उद्या खिडकीच्या चौकटीत.

तिसरी *फेरो अँट*. पिवळसर, २ मिलिमीटरची, पटकन नजरेत न भरणारी. तिला ऊब लागते, म्हणून ती अपार्टमेंट आणि मोठ्या इमारतींत भिंतीच्या आतून, पाइपांच्या कडेने घरोघरी फिरते. हिच्यावर फवारा मारणं म्हणजे आगीत तेल. एक वस्ती फुटते आणि तिच्या चार होतात.

चौथी, जिच्यासाठी हा लेख लिहितोय, ती *कार्पेंटर अँट*, सुतार मुंगी. आपण सरळ मुंगळाच म्हणू. काळी, ६ ते १३ मिलिमीटरपर्यंत. एकाच वस्तीत लहान-मोठ्या आकाराच्या कामकरी. आपल्या भागात सर्रास दिसणाऱ्या जातीच्या शास्त्रीय नावातच पेन्सिल्व्हेनिया आहे : कॅम्पोनोटस पेन्सिल्व्हॅनिकस. म्हणजे आपण इथे येण्याच्या कितीतरी आधीपासूनची ही मूळ रहिवासी.

एक गैरसमज दूर करू. सुतार मुंगी लाकूड *खात* नाही. लाकूड खाते ती वाळवी. सुतार मुंगी राहण्यासाठी लाकूड कोरते आणि भुसा बाहेर फेकते. सुरुवात बहुतेक वेळा ओल्या, कुजायला लागलेल्या लाकडापासून होते. राणी आणि अंडी असलेल्या मुख्य वस्तीला दमटपणा लागतो, म्हणून ती बरेचदा अंगणातल्या जुन्या झाडाच्या बुंध्यात किंवा घरातल्या गळक्या जागी असते. तिथून मोठी झालेली पिल्लं आणि कामकरी मुंग्या भिंतीत, छताखाली, फोमच्या इन्सुलेशनमध्ये, अगदी पोकळ दारातसुद्धा उपवस्त्या करतात. उपवस्तीला ओल लागतेच असं नाही. म्हणून “माझी भिंत तर कोरडी आहे” या भरवशावर राहू नका.

भिंतीतल्या वस्तीच्या पाच खुणा

*एक : हिवाळ्यातला मुंगळा.* मे महिन्यात स्वयंपाकघरात एक मोठी मुंगी दिसली तर ती बाहेरून फिरायला आलेली असू शकते. पण जानेवारी-फेब्रुवारीत, अंगणात बर्फ असताना बाथरूममध्ये चार मुंगळे दिसले, तर ते बाहेरून आलेले नाहीत. वस्ती घराच्या उबेत आहे. याला एकच अपवाद, शेकोटीसाठी आत आणलेली लाकडं. उबेला त्यातल्या झोपलेल्या मुंग्या जाग्या होतात. म्हणून आधी लाकडं बाहेर ठेवा, मग काळजी करा.

*दोन : पंखवाल्या मुंग्या.* मुंगीला पंख फुटले की तिचं मरण जवळ आलं, असं आपल्याकडे म्हणतात. घरमालकाने त्याचा अर्थ वेगळा घ्यावा. सुतार मुंग्यांची वस्ती पंखवाली पिढी बाहेर पाठवण्याइतकी मोठी व्हायला साधारण ३ ते ६ वर्षं लागतात. तोवर कामकरी मुंग्या हजारांच्या घरात गेलेल्या असतात. वसंतात घराच्या *आत*, खिडकीच्या काचेशी पंखवाल्या मुंग्या धडपडताना दिसल्या, तर भाडेकरू कालपरवा आलेले नाहीत.

मात्र हे मुंग्या की वाळवी, ते आधी पाहा. मुंगीची कंबर बारीक, मिशा कोपरासारख्या वाकलेल्या आणि पुढचे पंख मागच्यांपेक्षा लांब. वाळवीला कंबर नाही, मिशा सरळ मण्यांच्या माळेसारख्या आणि चारही पंख सारख्या लांबीचे. खिडकीत नुसत्या पंखांचा सडा पडलेला असेल, तर संशय वाळवीवर घ्या.

*तीन : भुसा.* पेन्सिलला टोक काढताना पडतो तसा जाडसर भुसा, खिडकीखाली, बेसमेंटच्या तुळईखाली, डेकखाली. नीट पाहिलं तर त्यात मेलेल्या मुंग्यांचे पाय, डोकी, इन्सुलेशनचे कण मिसळलेले असतात. झाडून काढा आणि आठवड्याने परत पाहा. पुन्हा पडला असेल तर वरती काम चालू आहे.

*चार : आवाज.* घर शांत झालं की संशयित भिंतीला कान लावा. सेलोफेनचा कागद चुरगाळल्यासारखी बारीक खसखस ऐकू येते. भिंतीवर बोटाने टकटक करा. मुंग्या बिथरतात आणि खसखस क्षणभर वाढते.

*पाच : ओल.* बाथटबच्या मागची भिंत, डिशवॉशरखालची फळी, चिमणी आणि स्कायलाइटच्या कडा, तुंबलेल्या गटरमागची फळी, डेक जिथे घराला जोडलाय ती जागा. हार्डवेअरच्या दुकानात ओल मोजायचं दोन सुयांचं मीटर मिळतं. घरातलं सुकं लाकूड साधारण १२ टक्क्यांच्या आत असतं. आकडा २० च्या वर गेला, तर मुंग्या असोत वा नसोत, तिथे दुरुस्ती हवीच.

मुंजीचे पैसे

हे सगळं इतकं खोलात का सांगतोय, त्यासाठी आपल्याच मंडळातली एक हकीकत, त्या कुटुंबाच्या परवानगीने आणि नाव न घेता.

वरच्या मजल्यावरच्या बाथरूममध्ये दर वसंतात मोठे मुंगळे निघत. डबा आणायचा, फवारायचं, आठवडाभर शांतता. अशी तीन-चार वर्षं गेली. मग एका जानेवारीत वहिनींचे वडील सहा महिन्यांसाठी आले. सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले, नजर बांधकामाची. फेब्रुवारीत एका सकाळी त्यांनी विचारलं, “जावईबापू, बाहेर ढोपरभर बर्फ आहे. मग हे मुंगळे येतात कुठून?”

“बाबा, इथे असतातच,” जावयाने सांगितलं.

सासरेबुवा गप्प बसले, पण त्यांनी भिंतीवरच्या कालनिर्णयावर रोज खूण करायला सुरुवात केली : किती मुंगळे, किती वाजता, कोणत्या कोपऱ्यात. खिडकीच्या कडेला पडणारा भुसा ते एका लिफाफ्यात साठवत गेले. तीन आठवड्यांनी लिफाफा आणि कालनिर्णय दोन्ही जेवणाच्या टेबलावर ठेवून म्हणाले, “ह्या खिडकीखालची भिंत उघडा.”

भिंत उघडली. खिडकीवर पाणी वळवणारी पत्र्याची पट्टी घर बांधतानाच बसवलेली नव्हती. दर पावसाला थोडं थोडं पाणी आत उतरत होतं. खिडकीखालची आडवी फळी आणि दोन उभ्या फळ्या स्क्रू ड्रायव्हर सहज आत जाईल इतक्या मऊ झाल्या होत्या. आणि त्यांत गुळगुळीत, पॉलिश पेपरने घासल्यासारख्या गल्ल्या. सुतार मुंगीच्या गल्ल्या स्वच्छ असतात, वाळवीच्या मातीने लिंपलेल्या. एवढ्यावरूनही दोघींतला फरक कळतो.

विमा कंपनीने हात वर केले. कीटकांमुळे झालेलं आणि हळूहळू झिरपून झालेलं नुकसान घराच्या विम्यात सहसा धरलेलं नसतं. आपापली पॉलिसी एकदा काढून वाचा. भिंत, खिडकी, टाइल, प्लंबर असा खर्च वाढत गेला आणि धाकट्याच्या मुंजीसाठी सगळ्यांनी भारतात जायचे जे पैसे बाजूला ठेवले होते, ते त्या भिंतीत गेले. मुंज इथे झाली, मंडळींनी ती थाटात पार पाडली. पण तिकडच्या आजीला ती फोनच्या पडद्यावर पाहावी लागली. पहिल्या वसंतातच कुणी “कुठून येतात?” एवढं विचारलं असतं, तर बहुधा खिडकीच्या पट्टीवरच काम भागलं असतं.

रात्री दहानंतरचा टॉर्च

वस्ती शोधायची तर सुतार मुंगीच्या वेळेला जागं राहायला हवं. ती निशाचर. मे-जूनमध्ये सूर्यास्तानंतर तिची वर्दळ वाढते. रात्री दहानंतर टॉर्चच्या काचेवर लाल जिलेटीन कागद लावून पाहायला निघा. लाल उजेड मुंग्यांना फारसा जाणवत नाही, त्यामुळे त्या बिचकत नाहीत. मुलांना हे काम सांगा. उन्हाळ्याच्या सुट्टीत याहून चांगला खेळ नाही.

जाड कागदाच्या तुकड्यावर मधाचा थेंब ठेवा, संध्याकाळी मुंगळे दिसतात तिथे. खाऊन निघालेल्या मुंगीच्या मागे जा. ती मोकळ्या मैदानातून जात नाही. भिंतीची कड, पाइप, वायर, बागेची नळी, छताला टेकलेली फांदी, हे तिचे हमरस्ते. ती आउटलेटच्या मागे किंवा बेसबोर्डच्या फटीत गेली तर वस्ती आत. साइडिंगखालून बाहेर पडून मेपलच्या बुंध्याकडे गेली तर मुख्य वस्ती बाहेर. मग घरातल्या भिंतीवर औषध मारून काही उपयोग नाही. राणी झाडात सुखरूप आहे.

ओळख पटत नसेल तर दोन-तीन मुंग्या छोट्या बाटलीत रबिंग अल्कोहोलमध्ये घालून आपल्या काउंटीच्या एक्स्टेन्शन ऑफिसला दाखवा. न्यू जर्सीत रटगर्स, पेन्सिल्व्हेनियात पेन स्टेट, न्यू यॉर्कमध्ये कॉर्नेल अशा विद्यापीठांमार्फत ही सेवा चालते. १९१४ च्या स्मिथ-लिव्हर कायद्याने ती देशभर सुरू झाली. आपल्यापैकी कितीतरी जण वीस-वीस वर्षं कर भरतायत आणि हे ऑफिस कुठे आहे हेही त्यांना ठाऊक नाही.

नैवेद्य दाखवा, झाडू नको

लहान मुंग्यांसाठी आमिष हाच खरा उपाय. बोरॅक्स किंवा बोरिक ॲसिड घातलेलं गोड द्रव तयार मिळतं. त्याची गंमत अशी : मोठ्या मुंगीला घन अन्न गिळता येत नाही. ती द्रव पोटात साठवून नेते आणि वस्तीत तोंडाला तोंड लावून इतरांना भरवते. राणीला आणि पिल्लांनाही. बाहेर दिसतात त्या मुंग्या वस्तीचा थोडाच भाग असतो. राणीपर्यंत पोचायचं तर या दिसणाऱ्या मुंग्याच आपल्या पोस्टमन. त्यांना मारून टाकलं तर पत्र पोचवणार कोण?

म्हणून तीन पथ्यं पाळा. आमिष ठेवल्यावर पहिल्या दिवशी रांग वाढेल. घाबरू नका, जेवू द्या. जवळपास फवारा, व्हिनेगर, फिनेल काहीही लावू नका. आणि घरच्या घरी “जरा कडक” मिश्रण करू नका. विष तीव्र झालं की मुंगी वाटेतच मरते. धीर धरा, काही दिवस ते दोन-तीन आठवडे लागतात. आमिष रांगत्या बाळाच्या आणि कुत्र्या-मांजराच्या हाती लागणार नाही असं ठेवा.

आमिष संपून रांग थांबली, की मग साबणाच्या पाण्याने वाट पुसा. मुंग्या वासाच्या रेघेवरून चालतात, ती रेघ पुसली जाते. हळद, लवंग, दालचिनी यांनीही रांग तेवढ्यापुरती वळते. पण वळलेली मुंगी दुसरी फट शोधते. वस्ती तिथेच राहते.

सुतार मुंगी मात्र आमिषाला नेहमी भुलत नाही. वस्ती भिंतीत आहे याची खात्री झाली, तर परवानाधारक माणूस बोलवा. तो सहसा भिंतीला बारीक भोक पाडून पोकळीत कोरडी पावडर फुंकतो किंवा बाहेरच्या बाजूने मुंगीला न कळणारं, तिच्या अंगाला लागून वस्तीत जाणारं औषध लावतो. त्याला हे चार प्रश्न विचारा : मुंगी कोणती? वस्ती कुठे आहे असं तुम्हाला वाटतं, आणि कशावरून? ओल कुठून येतेय? कोणतं औषध मारणार, त्याचा ईपीए क्रमांक काय? भिंतीकडे न बघता, गाडीतून उतरल्या उतरल्या जो वर्षभराचा करार पुढे करतो, त्याला चहा देऊन निरोप द्या.

घर विकताना-घेतानाही हा विषय येतो. लाकूड पोखरणाऱ्या किड्यांचा जो तपासणी अहवाल मागतात, त्यात वाळवीबरोबर सुतार मुंगीचीही नोंद होते. नवीन घर घेणाऱ्यांनी तो अहवाल सही करण्यापुरता नव्हे, तर वाचण्यासाठी मागावा.

हे कृपया करू नका

भारतातून येताना पाहुण्यांच्या बॅगेत मुंग्यांचा *खडू* असतो. तिकडे कपाटाच्या दारात रेघ मारली की झालं. इथे असा कीटकनाशक खडू विकणं बेकायदेशीर आहे. ईपीएने त्याबद्दल मुद्दाम इशारा दिलेला आहे. कारण साधं आहे : तो फळ्यावरच्या खडूसारखाच दिसतो आणि लहान मूल तो तोंडात घालतं. आई-बाबांना आधीच फोनवर सांगून ठेवा.

खोलीत धूर सोडणारे *फॉगर* लावू नका. तो धूर भिंतीच्या आत पोचत नाही, पण त्यातला वायू पेट घेऊ शकतो. गॅसची पायलट ज्योत किंवा देवघरातली समई तेवत असेल तर स्फोटाची भीती आहे. दिवाळीत तर विशेष सांभाळा.

आउटलेटमध्ये फवारा मारू नका, आत वीज आहे. आणि औषधाच्या डब्यावर लिहिलंय त्याबाहेर ते वापरणं इथे कायद्यानेच मना आहे. चुकून कुणाच्या पोटात गेलं तर पॉयझन कंट्रोलचा नंबर १-८००-२२२-१२२२, दिवसरात्र चालू असतो. श्वास किंवा शुद्ध हरपली असेल तर थेट ९११. दोन्ही नंबर फ्रिजवर लावा, घरी आलेल्या आजी-आजोबांसाठी मराठीत.

तुळस, कढीपत्ता आणि मोगरा

आपल्या घरांत मुंग्या यायची एक वाट अमेरिकन पुस्तकांत सापडायची नाही. उन्हाळाभर डेकवर असलेल्या कुंड्या थंडीच्या आधी, म्हणजे नेमक्या याच दिवसांत, आत येतात. कुंडीच्या मातीत मुंग्यांची वस्ती असेल तर तीही आपल्याबरोबर आत येते. कढीपत्त्यावर खवले कीड किंवा पांढरा पिठ्या ढेकूण असेल तर ती कीड गोड चिकटा सोडते. मुंग्या तो चाटतात आणि बदल्यात किडीची राखण करतात, गाई राखाव्यात तशी.

आत आणण्याआधी कुंडी काठापर्यंत पाण्याच्या बादलीत अर्धा तास बुडवून ठेवा. मुंग्या असतील तर पृष्ठभागावर येतील. मग पाणी नीट निथळू द्या. पानांच्या मागच्या बाजू आणि फांद्यांचे सांधे पाहा, कीड दिसली तर ओल्या फडक्याने पुसा, झाड पाण्याने धुवा. आमटीत पडणाऱ्या कढीपत्त्यावर आणि तीर्थात पडणाऱ्या तुळशीवर फवारे नकोत.

आजीचा प्रश्न

बऱ्याच घरांत एक अडचण असते, जिच्याबद्दल कुणी मोठ्याने बोलत नाही. आजी म्हणते, “मुंग्यांना साखर घालायची असते रे. त्यांना मारता कसले?” नातवंडं आजीच्या बाजूने. अशा वेळी हसून विषय टाळू नये, कारण आजीचं म्हणणं पोकळ नाही. जंगलात सुतार मुंग्या मेलेली झाडं पोखरून ती मातीला मिळायला मदत करतात. आपल्या भागात लाल तुऱ्याचा मोठा सुतारपक्षी आहे ना, त्याचं मुख्य खाणं याच मुंग्या. अंगणाच्या टोकाला, घरापासून लांब जुना बुंधा असेल तर तो राहू द्या. तिथे त्यांचं घर आहे.

आणि या लेखातले अर्धे उपाय अहिंसकच आहेत. गळती दुरुस्त करणं, फांदी छाटणं, फट बुजवणं, गटर साफ ठेवणं यात एकही जीव जात नाही. उलट दर आठवड्याला फवारा मारणाऱ्या घरात वर्षभरात कितीतरी जास्त मुंग्या मरतात, वस्ती मात्र शाबूत राहते. आजीला असं सांगून पाहा. ती ऐकेल.

कापून फ्रिजवर लावण्यासाठी

*दिवाळीच्या सुमारास :* गटर साफ करा. शेकोटीची लाकडं घराच्या भिंतीपासून दूर आणि जमिनीपासून उंच रचा. छताला टेकलेल्या फांद्या छाटा. कुंड्या तपासून आत आणा.

*जानेवारी-फेब्रुवारी :* घरात मोठा मुंगळा दिसला तर तारीख, वेळ आणि जागा कॅलेंडरवर लिहा.

*मार्च-एप्रिल :* खिडक्यांच्या कडा पाहा. पंख, भुसा, पंखवाल्या मुंग्या. बर्फ वितळल्यावर बेसमेंटच्या कडेची फळी स्क्रू ड्रायव्हरने टोचून पाहा, मऊ लागते का.

*मे-जून :* लाल टॉर्चची फेरी. लहान मुंग्यांसाठी आमिष. मल्च साइडिंगला टेकलेलं असेल तर मागे ओढा. लाकडी साइडिंग आणि माती यांत निदान ६ इंच अंतर हवं.

*जुलै ते सप्टेंबर :* जोराचा पाऊस पडून गेला की पोटमाळ्यावर एक चक्कर. छतावरचे ओले डाग तेव्हाच दिसतात.

भाड्याच्या घरात किंवा टाउनहाऊसमध्ये असाल तर स्वतः भिंती उघडू नका. फोटो, तारखा आणि भुशाची पिशवी यांसह घरमालकाला किंवा असोसिएशनला लेखी कळवा. भिंत सामाईक असेल तर शेजाऱ्यांशीही बोला. एकाच घराने औषध मारलं तर मुंग्या पलीकडे जातात आणि महिन्याने पाहुणचार घेऊन परत येतात.

पुढच्या वर्षीसाठी ‘छप्पर बदलताना काय पाहावं’ हा विषय आत्ताच तिघांनी सुचवलाय. आणखी काही अडलं असेल तर संपादकांकडे कळवा. आणि हो, फराळ झाल्यावर चिवड्याचा डबा घट्ट लावा. भिंतीतल्या भाडेकरूंना निदान आपल्या हाताने जेवण नको!

सर्वांना दिवाळीच्या मनःपूर्वक शुभेच्छा. घर कोरडं राहो, पणत्या तेवत राहोत.